दसऱ्याला फ्रिज घ्यायला निघालात? आधी खिशात एक चिठ्ठी ठेवा

मी अकरा दसरे काउंटरच्या आत काढले. जिल्ह्याच्या गावी, भर बाजारपेठेतलं फ्रिज-टीव्ही-वॉशिंग मशीनचं दुकान. वर्षं दसऱ्यांवरून मोजायची सवय तिथलीच, कारण दसरा ते बलिप्रतिपदा एवढ्या दिवसांत जो माल उठायचा त्यावर शेठचे पुढचे कितीतरी पगार निघायचे. आता मी काउंटरच्या बाहेर आहे. ओळखीतली तरुण मंडळी, म्हणजे पहिली नोकरी, नवा संसार, भाड्याचं घर अशी, पहिली मोठी खरेदी करायला निघाली की मला फोन करतात. "काका, कुठली कंपनी घेऊ?"

कंपनीचं काय, दोन-चार चांगल्या आहेत, कुठलीही घ्या. खरा प्रश्न वेगळाच आहे. चोवीस हजारांचं ठरवून आलेलं गिऱ्हाईक साडेबत्तीस हजारांचं बिल करून, वर खुशीत, बाहेर कसं पडतं? ते गिऱ्हाईक बावळट नसतं. मी शिक्षकांना विकलंय, बँकेच्या मॅनेजरला विकलंय, एका सीएलाही विकलंय. घाईत, गर्दीत, आकड्यांच्या गलबल्यात आपलं मन जवळच्या वाटेने जातं, आणि ती वाट कुठून जाते हे दुकानदाराला पाठ असतं. या आडवाटांचा पद्धतशीर अभ्यास डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी १९७० च्या दशकात सुरू केला. ट्वर्स्की १९९६ मध्ये गेले. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या शेठनी यातलं अक्षरही वाचलं नव्हतं, पण दुकान मात्र त्यांनी अगदी तस्संच मांडलं होतं.

एक आधीच सांगतो. या युक्त्यांची नावं पाठ करून फारसा उपयोग होत नाही. मला सगळ्या ठाऊक आहेत आणि तरी मी फसलो आहे, ती गोष्ट पुढे येईल. उपयोग होतो तो इतकाच, की दुकानात ठरवायच्या गोष्टी घरी बसून ठरवायच्या आणि कागदावर लिहायच्या. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदाभोवती आहेत.

पायरी १ : चिठ्ठी लिहा, आणि आकडा आधी लिहा

साधी चिठ्ठी. सर्वांत वर जास्तीत जास्त रक्कम. यात सगळं आलं पाहिजे : फ्रिज, स्टँड, स्टॅबिलायझर, टेम्पोचं भाडं, चौथ्या मजल्यावर चढवायचे हमालीचे पैसे. त्याखाली गरज : किती लिटर, स्वयंपाकघरातल्या त्या कोनाड्याची रुंदी आणि उंची (टेपने मोजून, अंदाजाने नाही), दार कुठल्या बाजूला उघडायला हवं. शेवटी 'नको' असं लिहून त्यापुढे नको असलेल्या गोष्टी. पाण्याचा नळ नको, वायफाय नको. ही तिसरी ओळ लोक टाळतात, आणि दुकानात नेमकी तीच कामाला येते.

आकडा आधी का लिहायचा, ते सांगतो. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७४ साली छापलेला एक प्रयोग आहे. जत्रेत असतं तसं आकड्यांचं चक्र लोकांसमोर फिरवलं. ते मुद्दाम असं केलेलं होतं, की १० वर तरी थांबावं नाहीतर ६५ वर. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यापुढे १० आला त्यांचा मधला अंदाज २५ टक्के, ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी अंदाज त्या आकड्याभोवतीच घुटमळला. याला अँकरिंग म्हणतात. मी खुंटी म्हणतो. गाय कितीही फिरली तरी दाव्याच्या लांबीएवढीच फिरते.

आमच्या दुकानात ही खुंटी दारातच होती. आत शिरलं की समोर चार दारांचा, काळ्या काचेचा, एक लाख चाळीस हजारांचा फ्रिज. मी तिथे असताना तो पीस दोन वर्षं विकला गेला नाही. नवा होतो तेव्हा मी शेठना म्हटलं, याची जागा अडतेय, मागे लावू या. शेठ हसले. म्हणाले, "अरे, तो विकायला नाही ठेवला. त्याला बघून माणूस आत आला की बत्तीस हजार त्याला स्वस्त वाटतात."

दुसरी खुंटी स्टिकरवर असते. ४१,९९० वर काट मारलेली, खाली लाल अक्षरात २७,९९०. गिऱ्हाईक मनात चौदा हजार वाचवून मोकळं होतं. आता एमआरपी म्हणजे काय ते शब्द फोडून बघा : कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. कमाल. यापेक्षा जास्त घेता येणार नाही एवढाच तिचा अर्थ. ती छापतो उत्पादक, आणि अशा वस्तूंवर ती किती चढी छापावी याला बंधन नाही. ज्या किमतीला तो फ्रिज कुणीच कधी विकत घेतला नाही, ती काटून उरलेल्या रकमेला सूट म्हणायचं का? तुम्हीच ठरवा. माझं म्हणणं इतकंच की काटलेला आकडा वाचूच नका. घरून आणलेल्या आकड्याशी लाल आकडा लावून बघा, बस्स.

पायरी २ : तीन ठेवलेत, तर मधला कशाला ठेवलाय ते विचारा

गिऱ्हाईक म्हणालं "डबल डोअर दाखवा", की आम्ही तीन दाखवायचो. २३५ लिटर, २३,९००. मग २५३ लिटर, ३१,५००. मग २६५ लिटर, फ्रीझरचा फ्रिज करता येतो असा, ३२,४००.

मधला क्वचितच जायचा. त्याचं काम विकलं जायचं नव्हतंच. तो नसता तर गिऱ्हाईकाने २३,९०० आणि ३२,४०० यांची तुलना केली असती, आणि साडेआठ हजारांचा फरक डोळ्यांत खुपला असता. मधला आला की तुलना सरकते. मी फक्त एवढंच म्हणायचो, "साहेब, नऊशे रुपयांत बारा लिटर जास्त आणि कन्व्हर्टिबल." नऊशे! साडेआठ हजार कुठे गेले ते कुणी विचारत नसे. जाहिरातशास्त्रात अशा मॉडेलला डिकॉय म्हणतात, शिकारीत पाखरं बोलवायला ठेवतात ना, तसं आमिषाचं पाखरू.

याची उलटी तऱ्हाही आहे, त्यात मधलाच विकायचा असतो. १९९२ मध्ये इतामार सायमनसन आणि ट्वर्स्की यांनी लोकांना दोन कॅमेरे दाखवले, एक १७० डॉलरचा, दुसरा २४० चा. निवड निम्मी-निम्मी झाली. मग दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीला ४७० डॉलरचा तिसरा दाखवला, तर मधल्याकडे ५७ टक्के वळले. अगदी स्वस्त नको, अगदी महाग नको, मधलं बरं. लग्नाच्या हॉलवाल्याच्या तीन थाळ्यांचे दर एकदा याच नजरेने वाचून बघा.

मग करायचं काय? मॉडेल समोर आली की चिठ्ठी काढायची, आणि प्रत्येक मॉडेल चिठ्ठीशी लावून बघायचं, शेजारच्या मॉडेलशी नाही. २३५ लिटर लिहिलं होतं का? कोनाड्यात बसतो का? बसतो. मग संपलं. फारच मोह झाला तर विजेच्या लेबलवरचे तारे मोजू नका, वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचा. दोन मॉडेलांत साठ युनिटांचा फरक असेल आणि तुम्हाला युनिट दहा रुपयांना पडत असेल, तर वर्षाचे सहाशे वाचतात. साडेआठ हजार वसूल व्हायला चौदा वर्षं. तारे ठरवायचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे एकच नसतात, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ३ : हजाराला हजारच म्हणा

मंडईत मेथीची जुडी वीसला सांगितली तर आपण "पंधराला द्या" म्हणून पाच मिनिटं उभे राहतो. तेच आपण फ्रिजच्या दुकानात "अजून पाचशे कमी करा" म्हणायला लाजतो. तीस हजारांत पाचशेचं काय, असं वाटतं. पण घरी आल्यावर पाचशेची नोट पाचशेचीच असते, तिच्यात शंभर जुड्यांची घासाघीस असते.

यावरही प्रयोग झालेला आहे, १९८१ चा, पुन्हा कानेमन-ट्वर्स्की या जोडगोळीचा. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त आहे, जाल का? ६८ टक्के म्हणाले, जाऊ. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा आहे आणि तिकडे तेवढेच ५ डॉलर वाचतात, जाल? आता फक्त २९ टक्के तयार. वीस मिनिटं तीच, पाच डॉलर तेच.

सोन्याच्या दुकानात हे सगळ्यात महाग पडतं. 'घडणावळीवर ५० टक्के सूट' असा फलक लागतो आणि माणूस पन्नास वाचतो. घडणावळ मुळात चौदा टक्के लावली असेल तर सूट जाऊन सात उरली. शेजारचा सराफ कसलाही फलक न लावता सहा टक्के घेत असेल, तर? म्हणून सोन्याला एकच प्रश्न : "या तुकड्याचे सगळे मिळून, जीएसटीसह किती?" तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या आणि दुसऱ्या दुकानात जा. वजन आणि शुद्धता दोन्हीकडे सारखी हवी, हे वेगळं सांगायला नकोच. हॉलमार्कबरोबरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, दागिन्यावर आहे का, तेही बघा. दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताला माझा विरोध नाही. मुहूर्तावर दागिना घरी न्यावा, पण दर चार दिवस आधी विचारून ठेवावेत.

'फुकट' हा शब्दही इथेच मोडतो. भाजीवर कढीपत्ता फुकट मिळाला तर खुशाल घ्या. पण फ्रिजवर मिक्सर फुकट असेल, तर एक वाक्य जरूर म्हणा : "मिक्सर नको, त्याचे किती कमी कराल?" विक्रेता आधी "तसं होत नाही" म्हणतो. जरा थांबा. बऱ्याचदा तो आत जाऊन शेठशी बोलून येतो आणि एक आकडा सांगतो. दुकानाला तो मिक्सर कितीचा वाटतो ते तुम्हाला तिथे कळतं. माझ्या काळात आमच्या हमखास भेटीच्या इस्त्रीवर साडेआठशे छापलेलं असायचं आणि इस्त्री नको म्हणणाऱ्याला आम्ही दोनशे कमी करायचो.

पायरी ४ : चहा प्या, पण भीड तिथेच ठेवा

आता माझी फजिती. भाचीच्या लग्नाचा बस्ता होता. मी जाणकार म्हणून सोबत गेलो होतो, हे विशेष. पांढऱ्या गादीवर बसवलं. "बसा ताई, काय घेणार, चहा की थंड?" चहा आला. विक्रेता चाळिशीचा, गोड बोलणारा, एकेक साडी हवेत उलगडून आमच्यासमोर टाकत होता. मी बायकोच्या कानात पुटपुटलो, फार घड्या मोडू देऊ नकोस. तिने मान हलवली. पंधराव्या साडीला तो उठला, पदर काढला आणि थेट बहिणीच्या खांद्यावर टाकून तिला आरशासमोर उभं केलं. "आता बघा ताई."

मला तिथेच कळलं की साडी गेली. एखादी वस्तू क्षणभर आपली झाली की ती सोडताना तिची किंमत वाढते. १९९० मध्ये कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा मगांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना मग देऊन टाकले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांच्याकडे मग नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास. मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. खांद्यावरचा पदर, गाडीची टेस्ट ड्राइव्ह, 'तीस दिवस वापरून बघा', सगळे एकाच घराण्यातले.

पण पदर तरी खाली ठेवता आला असता. खरं अडवलं ते समोरच्या ढिगाने. चाळीसेक साड्या उलगडून पडल्या होत्या, त्या माणसाच्या कपाळावर घाम होता, आमच्या पोटात त्याचा चहा होता. आता काही न घेता कसं उठायचं? बजेट होतं सहा हजारांचं, घेतली साडेनऊची. पैसे मी स्वतः मोजले. आपल्याकडे म्हणतात ना, भीड ही भिकेची बहीण.

यावर मी आता जे करतो ते असं. बसतानाच मोठ्याने सांगतो, "आज बघायला आलोय, घ्यायचं दोन दिवसांनी." सुरुवातीला सांगितलेलं हे वाक्य शेवटी कामाला येतं, कारण उठताना तुम्ही फक्त बोलल्याप्रमाणे वागत असता. दुसरं, दोघं असाल तर 'नाही' म्हणायचं काम एकाकडे आधीच सोपवा. आपल्या आयांनी तयार करून ठेवलेलं "घरी सासूबाईंना विचारून सांगते" हे वाक्य फार कामाचं आहे. विक्रेत्याला त्यात अपमान वाटत नाही, आणि तुम्ही दारापर्यंत पोचता. चहा नाकारू नका, उगाच वाईट दिसतं. चहाचे पैसे दुकानाने कधीच सगळ्यांच्या बिलात वाटून टाकलेले असतात.

पायरी ५ : 'नो कॉस्ट' हप्त्याचा हिशेब कागदावर मांडा

हप्त्याची खरी जादू अशी की तीस हजार हा आकडा ऐकूच येत नाही. ऐकू येतात पाच हजार. पैसे जातानाची कळ सहा तुकड्यांत विभागली की प्रत्येक तुकडा सोसवतो, आणि पाच हजार सोसतोय म्हटल्यावर साडेपाच हजारही सोसतो. मॉडेल वर चढवायची सगळ्यात सोपी जागा हीच. आम्हाला सांगितलेलंच असायचं, किंमत बोलायची नाही, महिन्याचं बोलायचं.

आता शून्य टक्क्याचं बघू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून गिऱ्हाईकाकडून घेतलं जातं. आज क्रेडिट कार्डावरचा 'नो कॉस्ट' हप्ता साधारण असा चालतो : बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम विक्रेता किमतीत आधी कमी करतो, आणि बेरीज मूळ किमतीवर येते. तीस हजारांचा फोन, सहा हप्ते, वर्षाला पंधरा टक्के दर धरला तर व्याज होतं सुमारे १,२७० रुपये. ते तुम्हाला परत मिळालं असं दिसतं. पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २२९. प्रोसेसिंग फी १९९ धरा, तिच्यावर जीएसटी ३६. झाले ४६४. आणि "रोख दिले तर किती कमी कराल?" हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसेल, तर ती सूट गेली ती वेगळीच.

हप्ता घेऊ नका असं मी म्हणत नाही. फ्रिज बंद पडलाय, मे महिना आहे, हातात रोख नाही, तर हप्ता चांगला. फक्त क्रम पाळा. आधी रोखीची किंमत पक्की करून चिठ्ठीवर लिहा, मग हप्त्याचा विषय काढा. आणि विक्रेत्याने महिन्याचा आकडा सांगितला की त्याच्याच कॅल्क्युलेटरवर महिन्यांनी गुणा.

पायरी ६ : बिल होताना घाबरवतील

कार्ड बाहेर निघालंय, फ्रिज ठरलाय, सगळे सैल पडलेत. अशा वेळी मी म्हणायचो, "साहेब, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकून देऊ ना? बोर्ड गेला तर आठ-नऊ हजार लागतात." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही म्हणेन. आमचा इन्सेंटिव्ह फ्रिजपेक्षा यावर बरा असायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

कानेमन आणि ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या सिद्धान्ताचं सार असं, की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख जास्त असतं. १९९२ मध्ये त्यांनी हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास काढलं. आठ हजारांच्या बोर्डाचं चित्र डोळ्यांपुढे उभं केलं की अडीच हजार रुपये किरकोळ वाटतात. बोर्ड जायची शक्यता किती, हे कुणी विचारत नाही.

तुम्ही विचारा. शिवाय आणखी तीन प्रश्न : ही वॉरंटी कंपनीची की दुसऱ्या कुणाची, ती आजपासून सुरू की मूळ वॉरंटी संपल्यावर, आणि दुरुस्तीच्या वेळी घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याचे पैसे, कापणार का. उत्तरं लेखी मागा. फ्रिजच्या काँप्रेसरवर अनेक कंपन्या तशीही दहा वर्षं देतात. माझं मत विचाराल तर साध्या फ्रिजला हे पैसे घालू नका, चांगला स्टॅबिलायझर घ्या. पुढून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन असेल आणि गावात वीज सारखी वर-खाली होत असेल, तर मी कदाचित घेईन.

पायरी ७ : मोबाइलवर शेठ दिसत नाहीत

ऑनलाइन खरेदीत हे सगळंच आहे, फक्त चहा नाही. 'फक्त २ शिल्लक', उलटं चालणारं घड्याळ, '३७ जण आत्ता हे बघत आहेत'. दुकानात निदान शेठच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं जोखता यायचं.

यातल्या काही गोष्टींना आता नियम लागू आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले. खोटी घाई करणं. तुम्ही न निवडलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात घालणं. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पडद्यावर शुल्कं चढवणं. सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं महाकठीण ठेवणं. आणि माझा 'आवडता' म्हणजे लाजवणं : विमा नको असेल तर 'नाही, मला माझ्या प्रवासाची काळजी नाही' अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायला लावतात. भीड शेवटी मोबाइलमध्येही शिरली!

इथली कृती अशी. वस्तू कार्टमध्ये टाका आणि ॲप बंद करा. दोन रात्री जाऊ द्या. 'फक्त २ शिल्लक' होतं ते परवा किती आहे, स्क्रीनशॉट काढून ताडून बघा, मजा येते. पैसे भरायच्या पडद्यावर आधीच खूण केलेल्या सगळ्या चौकटी तपासा. एकूण रक्कम पहिल्या पडद्यावरच्या किमतीशी जुळते का ते बघा. फसवणूक झाली असं वाटलं तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा, मराठीतूनही बोलता येतं.

किराण्याचं थोडक्यात

९९९ ला आपण 'नऊशे काहीतरी' म्हणून वाचतो, कारण डावीकडचा अंक आधी पकडला जातो. 'बाटाची किंमत' म्हणून घराघरांत हसतो आणि तरी वाचतो नऊशेच. ठोक आकडा करून बोलायची सवय लावा, एवढं पुरे. दुसरं, पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत कंपन्या सहसा हलवत नाहीत, आतले ग्रॅम कमी करतात. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असंही नाही. पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापायचा नियम आहे. अक्षर बारीक असतं, पण असतं. तोच वाचा.

विकणारे तुम्हीच असाल तर

हा लेख वाचून दिवाळीच्या फराळाचे डबे विकणारी एखादी ताई म्हणेल, मग मी काय करू? तीन आकाराचे डबे ठेवा, सगळ्यात मोठा पहिल्यांदा दाखवा, यात लबाडी नाही. मधला डबा मात्र असा असू दे की तो घेणाऱ्यालाही चार माणसांत पस्तावावं लागू नये. 'शेवटचे पाच डबे' खरोखर पाच असतील तेव्हाच लिहा. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीवर पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालली, कारण शाखा खरंच नव्हती.

आणि इंटरनेटवरचे प्रयोग डोळे मिटून लावू नका. २००० साली छापलेला जॅमचा प्रयोग सगळे सांगतात : कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतला, ६ च मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. म्हणून प्रकार कमी ठेवा म्हणतात. पण पुढे २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तुमच्या गल्लीत दहा प्रकारच्या चकल्या चालतात की चार, हे एका आठवड्यात वहीवर मोजून कळेल.

शेवटची पायरी : बिलाची मागची बाजू

फ्रिज घरी आला, लावला. आता बिल बघा. खाली बारीक अक्षरात बहुतेक ठिकाणी असतं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' छापलेलं आहे म्हणजे कायदाच असणार, असं समजून माणूस गप्प बसतो. छापील अक्षराचा हा दराराही मनाचाच खेळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही म्हणून मात्र दुकानदाराने परत घ्यावा, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून पहिले तीस दिवस खोका फेकू नका. बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. चिठ्ठीही बिलाला टाचून ठेवा. आमच्या घरी सात-आठ चिठ्ठ्या झाल्या आहेत. त्यांतल्या साडीच्या चिठ्ठीवर सहा हजार लिहिलंय, आणि त्याखाली बायकोच्या अक्षरात : 'जाणकार सोबत होते.'